पोर्ट झिरोवरच्या वायरी

कोल्हापूर,
१२ ऑगस्ट २००९

प्रिय जयपाल,

सप्रेम नमस्कार. घरी सगळे ठीक. अव्वाचा गुडघा पावसात दुखतो, तरी देवळाला जाणं सोडत नाही. धाकट्या सुष्मिताला मलकापूरच्या शाळेत नोकरी लागली. दुकानात टीव्ही दुरुस्तीला आता कुणी फारसं येत नाही, रंगीत दिव्यांच्या माळांची कामं मात्र वाढलीत. तुझा पुण्याचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला.

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ माळेचा बिघडलेला बोर्ड घेऊन आले. बघताक्षणी म्हणालो, "वायर चुकीच्या पिनेवर हाय."

"पावणं, लगेच कसं वळखलं?"

मी ती वायर सोडवायला घेतली.

दोन वर्षांपूर्वी कळंब्याला गणपतरावांच्या हॉलमध्ये आपल्याला माळेतला एकेक दिवा वेगळ्या रंगात लावून दाखवायचा होता. चिपच्या पोर्ट वनच्या पिनांवर तू वायरी घेतल्या होत्यास, आठवडाभर तपासल्या होत्यास. आदल्या दिवशी तू बाजारात गेल्यावर मी त्या पोर्ट झिरोवर नेल्या, प्रोग्रॅमही बदलला. तिथून वायरी सरळ जात होत्या, बोर्ड नेटका दिसत होता. पोर्ट झिरोच्या पिनांना बाहेरून रेझिस्टर लावावे लागतात, नाहीतर सिग्नल नीट जात नाही, हे मला माहीत नव्हतं. माळ एकदा लावूनही बघितली नाही.

दिवे वेडेवाकडे लागले. आमचे अप्पा सगळ्यांदेखत तुझ्यावर ओरडले, "येत न्हाई तर सांगायचं की! अब्रू घालवलीस."

"काका, मी तपासलं होतं," म्हणालास आणि माझ्याकडे बघितलंस. मी शिडी आवरत राहिलो.

त्याच आठवड्यात तू दुकान सोडून गेलास. मग पुस्तकात वाचून मी रेझिस्टर लावले, माळ लागली. अप्पा लोकांना सांगू लागले, "आमच्या सोमूनं निस्तरलं." तेही मी ऐकून घेतलं.

परवा अप्पांना खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "मला काय सांगतोस? त्याला सांग की." आज सकाळी ते एकटेच गणपतरावांकडे जाऊन आले. काय बोलले, ठाऊक नाही.

फोनवर मी पुन्हा गप्प बसलो असतो, म्हणून पत्र. दुकानात परत ये, असं म्हणत नाही. तिथं तुझं बरं चाललंय, असं कळलं. पत्ता मागताना तुझ्या आईला काही सांगायचा धीर झाला नाही. हे पत्र टपालात टाकून तसाच त्यांना सगळं सांगायला जाणार आहे.

दोन वर्षं उशिरा लिहिणारा,
सोमशेखर