दोनशे फुटांवर काय दिसलं?

खरवई, बुधवार संध्याकाळ

आज सिम्युलेटरच्या परीक्षेत नापास झाले. नियम तोंडपाठ आहे. ढगांतून नुसते यंत्रांचे काटे बघून उतरताना दोनशे फुटांवर रनवे किंवा त्याचे दिवे दिसले नाहीत, तर विमान लगेच वर घ्यायचं. दोनशेला समोर सगळं राखाडी होतं, तरी मी खाली येत राहिले. दीडशेला दिवे दिसले आणि मी झकास उतरवलं. का आले खाली? खरं लिहायचं तर परत फेरी मारायची लाज वाटली.

परीक्षा घेणाऱ्या सरांनी एवढंच विचारलं, "दोनशेला काय दिसलं?"

"आता दिसेल असं वाटलं, सर."

"म्हणजे दिसलं नाही. परत या."

घरी बाबांना सांगितलं. ते आनंदनगरला कारखान्यात पत्रे कापणारं प्रेस मशीन चालवतात. म्हणाले, "पण नीट उतरवलंस ना?"

"दोनशेला न दिसता उतरवलं, बाबा. म्हणून नापास."

त्यांनी डाव्या हाताचं अर्धं तुटलेलं बोट पुढे केलं. "मला पण वाटलं होतं, मशीन थांबलंय."

लहानपणापासून ते बोट बघतेय. कसं गेलं, ते त्यांनी आज पहिल्यांदा सांगितलं.