शेगडीखालचा पत्रा

अप्पा,

जे घडलं ते आधी क्रमाने.

१. नव्या जिल्ह्याची बांधकामं निघाली, तेव्हा लातुरात एका बांधकामावर तुम्ही मुकादम होतात.
२. त्याच सुमारास दुष्काळ पडला, सरपण मिळेना म्हणून घरात भुशाची शेगडी आली. तिच्या आचेने खालच्या शहाबादी फरशीचे पापुद्रे उडाले.
३. तुम्ही कामावरून अ‍ॅस्बेस्टॉसचा सपाट पत्रा आणला, अंगणात करवतीने कापला, शेगडीखाली बसवला.
४. आई खोकते.

तिसऱ्या आणि चौथ्या ओळीचा संबंध आहे असं मी म्हणत नाही. पत्रा नुसता पडून असता तर मी हे लिहिलंच नसतं. पण आईला सारवल्याशिवाय विस्तव पेटवणं ठाऊक नव्हतं, आणि त्या वर्षी गुरं छावणीत होती, शेण नव्हतं, पाणी टँकरचं. मग ती पत्राच विटकरीच्या तुकड्याने कोरडा घासायची आणि निघालेली पांढरी भुकटी पदराने पुसायची. तुम्ही पाटावर बसून बघताय, भाकरी मोडताय. "पाण्याबिगर बी लख्ख ठेवलीस की जागा," तुम्ही म्हणता. दुसऱ्या दिवशी ती आणखी जोर लावून घासते. पुढे पाणी आलं, शेण आलं, तुम्ही गेलात. घासणं मात्र राहिलंच.

मी नांदेडला स्थापत्य शिकले. त्या पत्र्याची भुकटी छातीत बसते आणि त्रास कित्येक वर्षांनी दिसतो, हे मला तिथे कळलं. गेल्या महिन्यात तिथल्याच डॉक्टरांनी आईच्या छातीचा फोटो उजेडावर धरला आणि विचारलं, "कुठल्या कारखान्यात कामाला होता का?" आई हसली. "कारखाना? चुलीम्होरचाच की!" मला हसू आलं नाही.

शेगडी तिला सोडायची नाही. म्हणून मी खाली वाळूचा थर, वर भट्टीच्या विटा आणि शेगडीला उंच पाय असं ठरवलंय. खालून हवा खेळली की फरशी तापत नाही. आई ऐकत नाही. "तुझ्या अप्पांनी बसवल्याला हाय तो. लई शिकलीस म्हणून माझी शेगडी उपटू नको."

आता जे मला झोपू देत नाही ते. पत्रा कापताना तुम्ही नाकातोंडावर उपरणं बांधलं होतं. पत्र्याचं दुसरं टोक आई धरून होती. तिचं तोंड उघडं होतं. त्या वर्षी धूळ सगळीकडेच होती, रस्त्यावर माणसं तोंड बांधूनच हिंडत, हे मी धरून चालते. पण तुम्ही अंगणात आलात तेव्हा उपरणं खांद्यावर होतं. करवत हातात घेतल्यावर बांधलंत. कामावर कुणी काही सांगितलं होतं का? सांगितलं असेल, तर तिला का नाही सांगितलंत?

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, हे मला कळतं. सोमवारी गवंडी येतोय. पत्रा ओला करून, न फोडता काढणार आहे. आईला मी एवढंच सांगितलंय की पत्र्याला चीर गेलीय. चीर नाही. उपरण्याचं मी तिच्याजवळ बोललेले नाही.

तरी रविवार संध्याकाळपर्यंत उत्तर द्या.