नवसूने दाखवलेली जागा

४ ऑगस्ट २०२५
शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या या नव्या रुग्णालयात न्यूरोसर्जरीची रेसिडेंट म्हणून आज रुजू झाले. खोलीला खिडकी, बाहेर भाताची खाचरं आणि मेसमधली डाळ चक्क डाळीसारखी! कमळाकर सर शिकवायला हौशी आहेत. त्यांचा एकच नियम: ज्याच्या हातात ड्रिल, त्यानेच रुग्ण शुद्धीत असताना त्याला विचारून डोक्यावर ऑपरेशनच्या बाजूची खूण करायची. मी मान डोलावली. एवढं तर कुणालाही कळतं.

११ ऑगस्ट
कवटीला पहिलं भोक आज मी पाडलं. रुग्ण नवसू, वैशाखरे गावचा शेतकरी. महिन्यापूर्वी बांधावरून पडला, कवटीखाली रक्त साकळलं, डावा हात लुळा. खूण करताना तो उजव्या कानाच्या वर बोट ठेवून म्हणत होता, "इथं लागलंय गो बाय, इथं." मला घाई होती. गप्प पडा म्हटलं, खिडकीशी सीटी स्कॅनची फिल्म धरून पाहिली आणि डावीकडे फुली मारली.

डावीकडे रक्त नव्हतंच. फिल्म मी उलटी धरली होती. ड्रिलही जास्त आत, मेंदूत गेलं. मग उजवीकडे भोक पाडलं, तिथं रक्त निघालं. सर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होते. ऑपरेशनच्या कागदावर मी लिहिलं, दोन्ही बाजूंना रक्त. सरांनी पाठ थोपटली.

१३ ऑगस्ट
नवसूचा डावा हात सुटला, पण वाचा गेली आणि उजवा हात लाकूड झाला. त्याची बायको बाईजा नाचणीची भाकर घेऊन आली, माझ्या पाया पडली. तू होतीस म्हणून जगला, म्हणाली. लाज वाटत होती, तरी ती भाकर मी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

१६ ऑगस्ट
मी राउंडला दारात आले की नवसूचा डावा हात उठतो, बोट उजव्या कानाच्या वर टेकतं. सर म्हणाले, छान सुधारणा आहे. नवसू माझ्याकडेच बघत होता.

१९ ऑगस्ट
आज कंबरदुखीच्या शालनबाईंनीही बोट तिथंच टेकवलं. मग पलीकडच्या खाटेवरच्याने. मग सगळा वॉर्ड, एकेक करून. सरांना काहीच दिसलं नाही. सांगून टाकावं वाटलं, पण रेसिडेन्सी जाईल. नाही सांगितलं.

२१ ऑगस्ट
नवसू सकाळी वारला. बाईजाने विचारलं, जाताना त्याने पुन्हा डोक्याला बोट लावलं, काय म्हणायचं होतं त्याला? मला ठाऊक नाही, म्हणाले. मी — सगळं ठाऊक असून — असं म्हणाले.

२२ ऑगस्ट
केस विंचरताना कंगवा टाळूला लागला. डाव्या कानाच्या वर रुपयाएवढी जागा भादरलेली. मधोमध शाईची फुली. माझ्याच हातची.

२३ ऑगस्ट
फुली पुसत नाही. उजव्या हाताला मुंग्या. सगळं सांगायला सरांपुढे उभी राहिले — तोंड उघडलं, शब्दच नाही. दमलीस, सर म्हणाले.

२४
लिहून ठेवते. सर, वाचा. कागद खोटा आहे. रक्त फक्त उजवीकडे — मी डावी — बोटं वळत नाहीत —
बाईजाला सांगा. त्याने मला आधीच सांगितलं होतं — तो म्हणत होता इथं ला