रंगावर बसवलेला बोल्ट

ऋषिनगर, उज्जैन
८ नोव्हेंबर २०२५

आदरणीय जयंतकाका यांस,
मुक्ताचा सविनय नमस्कार.

घरातील थोरांना असे पत्र लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे मी जाणते. या आगाऊपणाबद्दल आधीच क्षमा मागते. तुमच्यासमोर उभी राहिले की माझा आवाज घशातच राहतो आणि तुम्ही म्हणता, "बोल ना गं, टॉपर!" म्हणून कागदाचा आधार घेतला आहे.

काकूंचा गुडघा आता बरा असेल. इकडे थंडी सुरू झाली. आईही बरी आहे. शाळेत रिक्षाने जाते. जीपकडे मात्र पाहत नाही.

१२ ऑक्टोबरला फ्रीगंजच्या पुलाच्या उतारावर मागे जोडलेल्या बाबांच्या कॅम्परने, त्यांच्या त्या चाकांवरच्या खोलीने, जीपला रेटले आणि जीप दुभाजकावर चढली. आई चालवत होती, तुम्ही शेजारी होता, मी मागे होते. कोणालाही खरचटलेसुद्धा नाही, ही महाकालाची कृपा. दुसऱ्या दिवशी तुमचे केदार मिस्त्री आले. त्यांनी कॅम्परच्या चाकाजवळची वायर सोडवून तिला मीटर लावला आणि म्हणाले, "पूरे बारह वोल्ट आ रहे हैं, साहब. वायरिंग एकदम चकाचक." तुम्ही आईकडे वळून म्हणालात, "वहिनी, ब्रेकवर पाय नव्हता तुमचा. घाबरलात." आणि चावी खिशात टाकलीत. भाऊबिजेला सगळ्या पंगतीसमोर पुन्हा म्हणालात, "मंगलावहिनींचा ड्रायव्हिंगचा चॅप्टर क्लोज!" सगळे हसले. आईही हसली. तेव्हापासून तिला खरेच वाटू लागले आहे की तिचा पाय ब्रेकवर नव्हता.

काका, तिचा पाय ब्रेकवर होता.

नाशिकला दहावीपर्यंत मी जे विज्ञान शिकले ते मराठीतून. केदार मिस्त्री ज्याला वोल्टेज म्हणतात ते माझ्या पुस्तकात विभवांतर होते, एवढाच फरक. कॅम्परच्या चाकांत विजेचे चुंबक आहेत. आईने जीपचा ब्रेक दाबला की जीपमधून वीज जाते आणि ते चुंबक चाक धरतात. वीज परत येते ती अर्थच्या, म्हणजे परतीच्या, वायरने. मिस्त्रींनी चुंबक वेगळा करून मोजले. वीज वाहतच नव्हती, म्हणून बारा दिसले. ओझे नसताना कोणीही ताठ चालतो. मी कॅम्परच्याच बॅटरीवरून, जीपला जोडतो त्या प्लगला वीज दिली आणि चुंबक जोडलेला ठेवून मोजले. पाचसुद्धा भरले नाहीत. मग बॅटरीच्या ऋण टोकापासून एक सुटी वायर थेट चुंबकापर्यंत नेली. खट्ट आवाज झाला. जॅकवर उचललेले चाक मला दोन्ही हातांनी हलवता येईना.

म्हणजे दोष परतीच्या वाटेत होता. ती वायर कॅम्परच्या चासीला, खालच्या लोखंडी सांगाड्याला, जिथे बोल्टने बसवली आहे, तिथे.

इथवर मी स्वच्छ लिहिले. पुढचे लिहायला तीन कागद फाडावे लागले.

खंडेनवमीच्या आधी तुम्ही म्हणालात, "गंजकी गाडी पूजेला ठेवायची नाही. मुक्ते, ब्रश घे." मी घेतला. काम नीटनेटके व्हावे म्हणून तो बोल्ट काढला, चासीला काळ्या रंगाचे दोन हात दिले आणि वायरची कडी त्या रंगावरच पुन्हा घट्ट आवळली. रंगातून वीज जात नाही, हे मला आठवीपासून ठाऊक आहे; बोल्टच्या आट्यांतून तेवढी जेमतेम वाट उरली. त्यावर मीच हळदकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला. तुम्ही म्हणालात, "व्वा! एकदम शोरूम पीस!" आणि मी फुलून गेले. जीपला जोडणारा आकडा घट्ट टेकला की थोडी वीज त्यातून परत यायची, म्हणून सपाट रस्त्यावर ब्रेक लागत राहिले. उतारावर तोही आधार सुटला.

चूक माझी आहे. ती मला आठ दिवसांपूर्वी सापडली आणि आठही दिवस मी गप्प राहिले. आई रोज रिक्षाची वाट पाहत फाटकाशी उभी राहायची आणि मी खिडकीत पुस्तक धरून. या गप्प बसण्याची लाज मला रंगाहून अधिक वाटते.

आज सकाळी तिला सांगितले. ती पोळ्या लाटत होती. रागावेल असे वाटले होते. लाटणे हातातच ठेवून तिने विचारले, "म्हणजे माझा पाय होता ब्रेकवर?"

"होता, आई."

"मग चल, दाखव कुठंय तो बोल्ट."

आम्ही दोघींनी पॉलिश पेपरने रंग खरवडून लोखंड उघडे केले. कडी नव्याने बसवली. आता चुंबकापाशी साडेअकरा भरतात. नंतर बाबा असताना त्यांनी आपल्या शब्दकोशात ठेवलेली जीपची दुसरी चावी मी तिच्या हातात दिली. ती तिथे आहे हे तुम्हाला मी सांगितले नव्हते, आणि त्याबद्दल क्षमा मागणार नाही. गल्लीत, माणसाच्या चालीने, आईने पायाचा ब्रेक न दाबता फक्त जीपमधला, कॅम्परच्या ब्रेकचा हाताचा खटका ओढला. कॅम्परने अख्खी जीप जागच्या जागी थांबवली. आई म्हणाली, "बघ, कसा पकडला!" आणि तिने आणखी चार वेळा ओढला.

उद्या आम्ही त्याच पुलावरून, कॅम्पर जोडून, तुमच्याकडे रविवारच्या पंगतीला येत आहोत. गाडी आई चालवेल. मिस्त्रींनाही बोलवा, मीटर मी आणते. भाऊबिजेला जे पंगतीसमोर बोललात, ते पंगतीसमोरच परत घ्यावे. रंग कोणी दिला हे त्याच पंगतीत मी सांगेन, आणि त्या वेळी माझा आवाज घशात राहणार नाही. उद्धटपणा वाटला तर वाटू द्या.

आशीर्वाद वाकून नंतर मागेन. आधी आईची चावी.

तुमची पुतणी,
मुक्ता

कागदांचे फोटो काढून तुमच्या फोनवर पाठवले: रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९ वाजून ४२ मिनिटे. आईने जीप सुरू केली आहे.