माझ्यावाचून चालावं म्हणून

पनवेल
रविवार, दुपार

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. मुद्दाम तुझ्या पुण्याच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. माझं व्हॉट्सअॅप प्रणितच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर कायम उघडं असतं, आणि फोनवर बोलायला या चार मजल्यांच्या घरात एक कोपरा मिळत नाही. गच्चीवर गेले की सासूबाई पापड बघायला म्हणून मागोमाग येतात. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की सासऱ्यांचा फोन येतो, "कुठं चाललीस गं?" फाटकावरच्या कॅमेऱ्यातलं सगळं त्यांच्या मोबाइलवर दिसतं. रागावत नाहीत गं ते. नुसतं विचारतात. पण उत्तर देता देता माझं बाहेरचं कामच विसरायला होतं.

तुझ्या धाकट्या दिराच्या हळदीला मी गाडीत लॅपटॉप घेऊन बसून राहिले, म्हणून तू अजून घुश्शात आहेस. बाहेर बेंजो वाजत होता, तू दोनदा काचेवर टकटक केलीस, आणि मी हातानंच "आले, आले" करत राहिले. न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावर आमच्या गिऱ्हाइकांचे ट्रक अडकले होते, सॉफ्टवेअर पावती देत नव्हतं, आणि त्याच्या आत काय आहे ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नाआधी मी सासऱ्यांच्या याच कंपनीत पगारावर होते तेव्हापासून ते मीच लिहीत आलेय. ट्रक कुठून निघाला, कंटेनर कुठे उतरला, रिकामा कधी परत आला, सगळं. मालकाच्या मुलाशी, प्रणितशी, लग्न झालं आणि पगार थांबला. "घरच्या माणसाला कुठं पगार असतो?" सासरे हसून म्हणाले होते. तेव्हा मीही हसले होते.

माझ्या मैत्रिणीनं, आपल्या हेतलनं, गेल्या वर्षी पुण्यातल्या तिच्या कंपनीत जागा असल्याचं कळवलं, तेव्हा मी प्रणितला पहिल्यांदा विचारलं, जाऊ का म्हणून. तो वाईट नाही, ताई. म्हणाला, "तू गेलीस तर सॉफ्टवेअर कोण बघणार? कुणी सांभाळणारं तयार कर, मग खुशाल जा. मी आडवा येणार नाही." मी ते वाक्य धरून बसले. कळंबोलीच्या आमच्या ऑफिसात दोन पोरं शिकवून बघितली, दोघंही थोडं शिकली की मुंबईला पळाली.

मग आम्ही कोड लिहिणारा एआय घेतला. आधी त्यानं नुसता वैताग दिला. हुशार खूप, पण दर वेळी पहिल्या दिवसाचा नवा माणूस. आमच्याकडे रिकामा कंटेनर यार्डात परत पोचेपर्यंत एक खेप धरतात. हा मात्र गाडी फाटकातून बाहेर पडली की नवी खेप मोजायचा. एका ड्रायव्हरनं फोन करून विचारलं, "म्याडम, मी एकच फेरा मारला, ह्यात दोन कशे?" तेव्हा मला कळलं की त्याच्यासाठी प्रोजेक्टच्या कायमच्या सूचना लिहून ठेवायला हव्यात, म्हणजे काम सुरू करताना दर वेळी तो त्या आधी वाचेल. पहिल्यांदा मी मोठं पुराणच लिहिलं. त्यातलं मधलं तो सरळ विसरायचा. मग कापत कापत आणलं. कुठल्या फाइलला हात लावायचा नाही, खेप कशाला म्हणायचं, बदल केल्यावर कोणत्या चाचण्या चालवायच्या, खात्री नसेल तिथे अंदाज न करता विचारायचं. आणि एक गोष्ट लक्षात आली. नुसतं "हे करू नकोस" लिहिलं तर तो कुठेतरी चुकायचाच. का करायचं नाही, ते एका ओळीत लिहिलं की नीट वागायचा. मला या घरात कुणी कधी "का" सांगितलेलं नाही, असं तेव्हा मनात येऊन गेलं, आणि मी पुढची ओळ लिहायला घेतली.

कितीतरी दुपारी त्यात गेल्या. डोक्यातलं एकेक काढून तिथे ठेवत होते आणि मला हलकं वाटत होतं. ऑफिसातल्या दीपेशनं, म्हणजे आमच्या हिशेबनिसानं, एकदा विचारलंसुद्धा, "वहिनी, सगळंच लिहून टाकलंत, तर तुमची गरज काय उरणार?" मी म्हटलं, "तेच तर हवंय." त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

गेल्या महिन्यात आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी उरणला गेले, आठवतं? तू विचारलंस, "आज फोन वाजत नाही तुझा?" खरंच वाजला नाही. परत आले तर प्रणित खुशीत. एका गिऱ्हाइकाला नवा रिपोर्ट हवा होता, यानं एआयला साध्या मराठीत सांगितलं आणि काम झालंही. मी उघडून बघितलं. खेप बरोबर धरली होती, चाचण्या चालवल्या होत्या, एका ठिकाणी शंका आली तिथे प्रणितला विचारलंही होतं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि आनंदानं रडले.

त्याच रात्री जेवताना मी पुण्याचं काढलं. सासरे भाकरी मोडत होते. म्हणाले, "आता तुजं काम ती मशीनच करते ना? मग हापिसान तरी कशाला जातेस? घरान ऱ्हा सुखान. लय राबलीस." अगदी मायेनं म्हणाले. सासूबाईंनी माझ्या ताटात माशाची आणखी एक तुकडी वाढली. मी प्रणितकडे बघितलं, तो काटे काढत राहिला. खोलीत आल्यावर म्हणाला, "बाबांचं काय चुकलं? आता आरामच आहे तुला." मी त्याला त्याच्या शब्दाची आठवण करून दिली. तो म्हणाला, "तेव्हा अडचण वेगळी होती." दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले तर माझ्या टेबलावर प्रिंटर ठेवलेला होता.

ताई, इतकी वर्षं मला वाटत होतं की मला या सॉफ्टवेअरनं अडकवलंय. ते सुटं केलं की मी सुटले. आता ते माझ्यावाचून छान चालतंय, आणि मी सकाळी कोळंबी सोलते, दुपारी सासूबाईंच्या मालिका बघते, चार वाजता चहा टाकते. कुणी मारत नाही, कुणी टाकून बोलत नाही. सोन्याची नवी पाटलीसुद्धा केली मला. ती घातल्यापासून मनगट जड वाटतं, पण हे कुणाला सांगायचं?

हेतलच्या कंपनीची मुलाखत मी पनवेल स्टेशनसमोरच्या कॅफेत बसून ऑनलाइन दिली. घरी शिंपिणीकडे जाते म्हणून सांगितलं होतं. त्यांनी मला घेतलंय, पुढच्या सोमवारी रुजू व्हायचंय. काल मी प्रणितला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. तो म्हणाला, "बाबांना विचार." मी विचारणार नाही. शनिवारी सकाळी स्टँडवरून पुण्याची एसटी धरणार आहे, दिवसाउजेडी, फाटकातून, कॅमेऱ्यासमोरून. फोन आला तर उचलीन आणि कुठं चालले ते सांगेन. राहायला जागा मिळेपर्यंत तुझ्याकडे राहीन, भाऊजींना तू सांगून ठेव. पण पत्र लिहिलंय ते एवढ्यासाठी नाही. शनिवारी संध्याकाळी तुला आईचा फोन येईल, कारण सासरे आधी तिलाच लावतील. ती रडेल आणि विचारेल, "मनू परत कधी जाणार?" तू मोठी आहेस, तिला धीर यावा म्हणून पटकन काहीतरी सांगून मोकळी होशील, चार दिवसांनी जाईल, रविवारी जाईल. तेवढं करू नकोस. फोन माझ्या हातात दे.

तुझीच, शनिवारची वाट बघणारी,
मनू