आत्याची सही

२ नोव्हेंबर, रविवार
तलाठी बारवीकडच्या शेताचा पंचनामा करून गेले. कापून वाळत टाकलेला भात तीन दिवस पाण्यात. भाऱ्यांना कोंब आलेत. फोटोसाठी बाबांनी एक भारा उचलला, मग खाली ठेवेचनात. सात-बारावर बाबा आणि आत्या, दोघांची नावं. भरपाई एकाच्याच खात्यात येणार, म्हणून आत्याचं संमतीपत्र हवं. बुधवारपर्यंत, १२ ता. टाइप मीच करणार. उल्हासनगरच्या दुकानात दिवसभर तेच तर करते.

४ नोव्हेंबर, मंगळवार
कामावरून सुटून अंबरनाथला, बुवापाड्यात आत्याकडे. आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डोळ्यावर पट्टी. म्हणाली, तू वाच, मी ऐकते. शाळेत जायच्या आधी याच घरात तिने मला वाचायला शिकवलं. ओळीखाली बोट, एक शब्द सुटला की पुन्हा पहिल्यापासून. मी नावं, गट नंबर वाचला. बाकी नेहमीचंच, म्हटलं. तिने सही केली. कागद बाबांकडे दिला.

६ नोव्हेंबर, गुरुवार
दुकानात दुसऱ्या एका बाईंसाठी आत्याच्या संमतीपत्राचीच फाइल उघडली. शेवटचा परिच्छेद: 'सदर जमिनीवर माझा व माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहणार नाही.'
जुन्या हक्कसोडपत्रावरच मी नावं बदलली होती. वरचं नवं, खालचं तसंच. आणि नेमकं तेच वाचून दाखवलं नाही. शेठ म्हणाले, "क्या हुआ बेटा, भूत देखा?"
घरी बाबांना सांगितलं. शांतपणे ऐकलं. "रजिस्टर थोडाच झालाय? सरकारी काम हाय, कोण वाचतंय."
म्हटलं, मग बदलू या, नवा स्टॅम्प पेपर मी आणते.
"बघू."
बाबा भांडले असते तर बरं वाटलं असतं. आमच्या बांधापर्यंत बिल्डरची माणसं मोजणीला येतात, ते कुणीच बोललं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
नवा कागद घेऊन आत्याकडे. सगळं सांगितलं, न वाचलेलंसुद्धा. वाटलं, रागावेल.
"घाई झाली तुला. लहानपणीपण व्हायची."
पट्टी निघालीये. कागद नाकाशी धरून स्वतः वाचला, ओळीखाली बोट. मग पेन बाजूला ठेवलं. "पहिला आण. तो माझ्यासमोर फाड, मग ह्याच्यावर करते."
निघताना दाराशी, "दादाला ठाऊक हाय?"
हो म्हटलं. तिने डबा भरून दिला, नेहमीसारखा.

१० नोव्हेंबर, सोमवार
बाबांकडे दोनदा कागद मागितला. सकाळी "शोधतो", संध्याकाळी "जेवू दे".

११ नोव्हेंबर, मंगळवार
पत्र्याच्या पेटीत सात-बारा आहे, पासबुक आहे. स्टॅम्प पेपर नाही. आई म्हणाली, बाबा सकाळीच गेले, खिशात काहीतरी घडी घालून.
फोन लावला. तलाठी ऑफिसच्या रांगेत होते.
"कुठला कागद घेतलात?"
"तूच केलेला."
म्हटलं, देऊ नका, मी आत्याला घेऊन येते. आता सांगते तिला.
बाबा मग म्हणाले, "माझ्यापुढे तिघं हायेत," आणि ठेवला.
आत्याला फोन केला. साडी बदलते म्हणाली. मी रिक्षा स्टँडवर. नवा कागद पिशवीत, बिनसहीचा. अंबरनाथची एक रिक्षा आलीये, भरायला अजून दोन सीट बाकी.