छकुलीच्या डोळ्याखालचा ओरखडा

सूनबाई,

तुझा फोन लागत नाही, म्हणून लिहितोय. छकुलीला घेऊन चौकातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात जातोय. मांजरीच्या पिल्लाने तिच्या डाव्या डोळ्याखाली ओरबाडलंय. रक्त थांबलंय, पण पोर डोळाच उघडत नाही.

तू बजावलं होतंस, पिल्लाला हाताने खेळवू नका, दोरीला चिंधी बांधा. मी हसण्यावारी नेलं. पांघरुणाखाली बोटं हलवून त्याला झडप घालायला मीच शिकवलं. आज छकुलीने माझं बघून पांघरुणात डोकं खुपसलं आणि ते तिच्यावर झेपावलं. एवढ्या उकाड्यात मी पूर्ण बाह्यांचा सदरा का घालत होतो, ते आता तुला कळेल. चावे लपवत होतो.

पिल्लू बाथरूममध्ये कोंडलंय. बादलीमागे थरथरतंय. त्याला मारू नकोस, खोड मी लावली.

खाली गाडी आली. छकुली विचारतेय, “आजोबा, आई तुम्हाला रागवेल?”

खुशाल रागव. पण तडक दवाखान्यात ये. डॉक्टर काय सांगतील, ते एकट्याने ऐकायची माझ्यात हिंमत नाही.

– बाबा